विभागात एकटी मीच हयात

स्टाफरूम, खिडकीजवळचं टेबल
बुधवार, दुपारचे दोन

तीर्थरूप मामा यांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलेला समजावा. या खोलीत पाच टेबलं, दोन कपाटं आणि एक मोडका कॅमेरा आहे. इथे आडवं व्हायचं म्हटलं तर आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी काढावी लागेल.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सकाळचं फिरणं चालू आहे ना? मामीचा खोकला थांबला का? हे मी पत्राच्या सुरुवातीला विचारायचं असतं म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतेय. तुम्ही ठणठणीत असालच, आणि निदान या आठवड्यात त्यात काही बदल करू नका ही हात जोडून विनंती. मी बरी आहे. भूक लागते, फक्त घास तोंडात ठेवला की गिळायचा राहून जातो.

या विद्यापीठाच्या संवाद आणि माध्यम विभागात मी तीन वर्षं हंगामी अध्यापिका आहे आणि मला कायम करायचं की निरोप द्यायचा हे येत्या शुक्रवारी ठरायचं आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (आई हल्ली फोनवर ‘कधी होणार गं तू कायम?’ असं ज्या सुरात विचारते, त्याच सुरात ती पूर्वी माझ्या लग्नाचं विचारायची.) विभागप्रमुखांनी शिफारस केली तर मी कायम, नाहीतर उन्हाळ्यानंतर दुसरं दार शोधायचं. सगळं त्यांच्या एका सहीवर अडलेलं. आणि नेमक्या याच आठवड्यात माझ्या हातून जे घडलं ते तुम्हाला सविस्तर सांगायलाच हवं. तुम्ही तीस वर्षं वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिलेत, त्यामुळे यातली गंमत तुम्हाला कळेल आणि भयानकपणाही कळेल. नेहमीसारखं हे पत्र लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवलंत तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तर आमचा विभाग. माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं हे शिकवणारे आम्ही पाच जण. विभागप्रमुखांना सगळे परिपत्रकसर म्हणतात, कारण शेजारच्या खोलीतल्या माणसाला पंखा बंद करायला सांगायचं असलं तरी ते परिपत्रक काढतात. त्यांचं दार कायम बंद असतं आणि दाराखालच्या फटीतून कागद बाहेर येतात. रेडिओवाल्या बाई वीस वर्षं आकाशवाणीवर होत्या. त्यांच्याने शांतता सोसवत नाही, कुणी दोन क्षण गप्प बसलं की त्या वेळ सांगतात. चित्रपट शिकवतात ते रीटेकसर. तुम्ही खोलीत आलात आणि त्यांना तुमचं येणं पटलं नाही, तर ते तुम्हाला पुन्हा बाहेर जाऊन आत यायला सांगतात. चौथे जाहिरातसर, ज्यांना जगातली कुठलीही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, ‘छान आहे, पण याचं एका ओळीत काय?’ आणि पाचवी मी, बातमी लिहायला शिकवते. माणसं वाईट नाहीत हो मामा. मी आजारी पडले तेव्हा चौघंही भेटायला आले होते, फक्त चौघं वेगवेगळ्या वेळी आले आणि प्रत्येकानं विचारलं की बाकीचे येऊन गेले का.

आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागाचं एक पान असतं, तिथे प्राध्यापकांचा परिचय आणि फोटो असतो. वनस्पतिशास्त्राचं आहे, गणिताचं आहे, अगदी बंद पडलेल्या विभागांचंही आहे. आमच्या पानावर गेली सहा वर्षं एका झाडाचा फोटो होता आणि खाली ‘हे पान तयार होत आहे’ एवढंच. संवाद विभागाला स्वतःबद्दल चार ओळी सांगता येत नाहीत यावर बाकीचे विभाग मनापासून हसायचे. शेवटी कुलसचिवांनी डोळे वटारले आणि ते काम फिरत फिरत माझ्या गळ्यात पडलं. (हंगामी माणसाचा गळा त्यासाठीच असतो.) मी चौघांना परिचय मागितला. परिपत्रकसरांनी ‘परिचय यथावकाश पाठवण्यात येईल’ असं परिपत्रक पाठवलं. रेडिओवाल्या बाईंनी चौदा मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवलं, त्यातली पहिली चार मिनिटं संगीत. रीटेकसरांनी स्वतः पाठमोरे लांब व्हरांड्यातून चालत जातानाची फिल्म दिली आणि म्हणाले, यात सगळं आलं. जाहिरातसरांनी एक ओळ दिली, ‘ओळख कशाला? विचारा कुणालाही!’ म्हणजे लिहून असं कुणी काहीच दिलं नाही. मी ‘प्राध्यापक माहिती’ नावाचं एक फोल्डर करून ठेवलं होतं, ते महिनाभर रिकामं होतं.

त्याच सुमारास मी वर्गात मृत्युलेख शिकवत होते. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रात आधीच लिहून तयार ठेवतात, हे ऐकून मुलांना पहिल्यांदा शहारा आला आणि मग फार मजा वाटली. मी गृहपाठ दिला की कुणाही हयात व्यक्तीवर दोनशे शब्द लिहा, पण त्यातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक गोष्ट तीन ठिकाणी तपासलेली हवी, निम्मे गुण त्यालाच. मला वाटलं होतं मुलं नेते, नट, खेळाडू निवडतील. पण तीन ठिकाणी तपासायचं तर हाताशी कोण? एक गट कार्यालयातल्या कारकुनाकडे गेला, एक जुन्या विद्यार्थ्यांकडे, एक चक्क प्राध्यापकांच्या घरी गेला आणि चहा पिऊन आला. चार गटांनी मिळून आमच्या विभागाचे चारही ज्येष्ठ निवडले. लेख इतके छान उतरले की वाचताना मीच दोनदा डोळे पुसले. गृहपाठ कुठे जमा करायचा असं मुलांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ते फोल्डर रिकामंच पडलंय, तिथे ठेवा.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. शनिवारी संगणक कक्षातल्या गृहस्थांनी ते फोल्डर उघडलं. हे गृहस्थ कामाला वाघ. पण मागाहून मी त्यांना जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘मजकूर वाचणं माझं काम नाही मॅडम. मजकूर बसवणं माझं काम.’ उलट त्यांना फार आनंद झाला होता, कारण आजवर कुठल्याही विभागानं इतका मापात, फोटोसकट आणि तारखा तपासून मजकूर दिला नव्हता. मुलांनी फोटो काळ्या चौकटीत टाकले होते, ती चौकट त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती अख्ख्या पानाला लावली. आणि सोमवारी सकाळी आमचा विभाग जगासमोर आला. ‘ज्येष्ठ संवादतज्ज्ञाचे निधन’ म्हणत परिपत्रकसरांपासून सुरुवात, मग रेडिओवाल्या बाई, मग रीटेकसर, मग जाहिरातसर, ओळीनं सगळे गेलेले. सगळ्यात खाली पाचव्या चौकटीत माझं नाव आणि पुढे ‘माहिती उपलब्ध नाही.’ एकाही गटानं मला निवडलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला लागलं ते पान पाहून नाही, ती ओळ पाहून लागलं. आपण तीन वर्षं घसा कोरडा करतो आणि आपल्या मरणाबद्दल कुणालाच काही सुचत नाही!

पण कुलसचिवांना त्या ओळीतून वेगळंच सुचलं. पाच जणांच्या विभागात चार जण एकाच दिवशी दिवंगत आणि एक बाई तेवढी शिल्लक, म्हणजे गुन्हेगार शोधायला फार डोकं लागत नाही. अर्ध्या तासात मला लेखी खुलासा मागणारं पत्र आलं आणि गृहपाठाचं सगळं फोल्डर पुरावा म्हणून विभागप्रमुखांकडे सोपवा असा हुकूम आला. माझी पाचावर धारण बसली. शुक्रवार चार दिवसांवर आणि ज्यांच्या सहीवर माझं पुढचं आयुष्य अडलंय त्यांना मी मारून बसलेली.

परिपत्रकसरांना ही बातमी कशी कळली ते ऐका. नऊ वाजता त्यांच्या मोबाइलवर दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचा फोन आला. या दोघांचं पंधरा वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. फोनवरचा आवाज ऐकून त्या गृहस्थांना वाटलं की सरांचे धाकटे भाऊच बोलतायत, आणि त्यांनी सांत्वन सुरू केलं. असा विद्वान पुन्हा होणे नाही, मी त्यांच्या पुस्तकावर टीका केली खरी, पण आत कुठेतरी मला त्यांचा हेवा वाटायचा, वगैरे. सरांनी दहा मिनिटं हूं की चूं केलं नाही. शेवटी जड आवाजात ‘आभारी आहोत’ म्हणाले आणि फोन ठेवला. (हे त्यांच्या खोलीला लागून बसणाऱ्या टंकलेखक बाईंनी सांगितलं, त्या गृहस्थांचा आवाज फोनमधून भिंतीपलीकडेही ऐकू येत होता, आणि बाई तिखटमीठ लावत नाहीत.) मग त्यांनी ते पान उघडलं आणि दार बंद करून दुपारपर्यंत वाचत बसले.

मंगळवारी विभागाची बैठक. मी राजीनामा पर्समध्ये टाकूनच गेले होते. पण मामा, प्रत्येकानं फक्त स्वतःचाच लेख वाचला होता आणि तो निदान पाच वेळा! रेडिओवाल्या बाई उभ्या राहिल्या. त्या संतापल्या होत्या. म्हणाल्या, ‘निधनाबद्दल माझी तक्रार नाही. पण वय? खरं वय छापायची काय गरज होती?’ मुलांनी ते कारकुनाच्या रजिस्टरमधून तपासून घेतलं होतं ना. मी मान खाली घालून सांगितलं की अचूकतेला निम्मे गुण होते. त्यावर त्या बसल्या आणि वेळ सांगितली. जाहिरातसरांचा लेख दोनशेऐवजी चाळीसच शब्दांचा होता (आळशी गट, मी गुणही कापले होते), पण ते खूश होते. अख्खा माणूस चाळीस शब्दांत बसवला, या पोरांना भविष्य आहे, म्हणाले. शिवाय आपल्या पानाला वर्षाला अकरा भेटी होतात, त्यातल्या नऊ माझ्याच असतात, आणि काल एका दिवसात चार हजार आले, तेव्हा पान काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

रीटेकसर मात्र एकाच वाक्यात अडकले होते. त्यांच्या लेखात लिहिलं होतं की गेली एकोणीस वर्षं ते एका चित्रपटावर काम करत होते आणि तो अपूर्णच राहिला. ते तीनदा म्हणाले, ‘अपूर्णच राहिला असं लिहिलंय.’ मला कसंनुसं झालं. आपण मुलांना खरं लिहायला शिकवतो, पण ते खरं एखाद्या जिवंत माणसाला चहा पिता पिता वाचावं लागेल हे कधी मनात येत नाही. बैठक संपल्यावर मी माफी मागायला गेले, तर ते मोडका कॅमेरा खाली घेऊन पुसत होते. मला म्हणाले, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय. काल संध्याकाळी मैदानावर त्यांनी त्याच कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावून पहिलं दृश्य चित्रित केलं, आणि रेडिओवाल्या बाईंनी त्यात एका आजीचं काम केलं. (वय जगजाहीर झालंच आहे तर आता काय, असं त्या म्हणाल्या.)

आणि परिपत्रकसरांचं सगळ्यात नवल. त्यांच्या लेखात त्या गटानं लिहिलं होतं की ‘सरांच्या खोलीचे दार विद्यार्थ्यांसाठी सदैव उघडे असे.’ हे धडधडीत असत्य. मी त्या वाक्याखाली रेघ मारून ‘कुठे तपासलं?’ असं विचारलं होतं, तर मुलांचं उत्तर होतं की मॅडम, बाकी सगळं तपासलं, पण मृत्युलेखात एखादं तरी चांगलं वाक्य हवं ना. मंगळवारी दुपारपासून सरांचं दार उघडं आहे! आपल्या प्रबंधाची बांधीव प्रत दाराला टेकवून ठेवलीये. वाऱ्यानं परिपत्रकं उडतात, मुलं ती उचलून द्यायला आत जातात, आणि सर त्यांना बसवून घेतात. आज सकाळी एक मुलगी पाऊण तास आत होती आणि हसत बाहेर आली.

आता माझं. कुलसचिवांच्या हुकमाप्रमाणे गृहपाठाचं फोल्डर मी काल सरांकडे दिलं होतं. आज बारा वाजता त्यांनी मला बोलावलं. परिपत्रक नाही, चिठ्ठी नाही, स्वतः दारापर्यंत येऊन बोलावलं. मी उभी राहिले. त्यांच्या हातात एक कागद होता, ते चष्मा पुसत होते, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की खुलाशाची काळजी करू नका, ते मी पाहतो. तुमची शिफारस मी आत्ताच सही करून पाठवली आहे, शुक्रवारी आदेश निघेल. आणि उद्यापासून तीन दिवस रजा घ्या. मी नुसता नमस्कार केला आणि बाहेर आले. तर मामा, तुमची भाची कायम झाली, म्हणजे शुक्रवारी होईल. आईला इतक्यात सांगू नका, ती सगळ्या गल्लीला सांगेल.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला तेल, आणि चूकभूल लाल पेन्सिलीच्या स्वाधीन.

तुमची,
(जवळजवळ कायम झालेली) भाची

ता. क. सरांनी शिफारस का केली ते सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी चार पानं टाळलं. मुलांना मृत्युलेख कसा लिहावा हे दाखवायला आधी मीच एक नमुना लिहून दिला होता. तो तुमचा होता मामा. रागावू नका. मला दुसरं कुणी इतकं नीट माहीत नाही. तो त्याच फोल्डरमध्ये तळाशी होता, आणि विभागाच्या यादीत तुमचं नाव नसल्यामुळेच संगणक कक्षानं तुम्हाला जिवंत ठेवलं. आज सरांनी तो वाचला. त्यात मी लिहिलंय की तुम्ही हजारो मृत्युलेख लिहिलेत, आणि प्रत्येक वेळी छापायच्या आधी त्या घरी स्वतः फोन करून खात्री केलीत; त्यात सतरा वेळा फोन खुद्द त्या माणसानंच उचलला, तेव्हा तुम्ही ‘माफ करा, राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलात, आणि त्या दिवशी शीळ घालत घरी आलात. सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी विचारलं, ‘कधी गेले?’ आणि मी गप्प राहिले. मी काही बोलले नाही एवढंच माझं पाप. ती तीन दिवसांची रजा तुमच्यासाठी आहे.

ता. क. २. म्हणून खरी विनंती अशी की शुक्रवारी आदेश निघेपर्यंत तुम्ही कृपया कुणाला दिसू नका. सर उद्या, गुरुवारी, अकरा वाजता मामीचं सांत्वन करायला घरी फोन करणार आहेत. तो मामीनंच उचलावा. तिला खोटं बोलायची गरज नाही, फक्त ऐकून घ्यायचं आणि खोकायचं. तुम्ही त्या वेळी अंघोळीला जा आणि आत गाणं म्हणू नका. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचं तर माझ्या घराच्या भिंतीपलीकडे रेडिओवाल्या बाई राहतात. त्या तुमच्यावर अर्ध्या तासाची श्रद्धांजली ध्वनिमुद्रित करणार आहेत, संगीत निवडून झालंय.

ता. क. ३. संध्याकाळचे पाच. हे पत्र फाडणार होते, पण एवढी पानं लिहिल्यावर हात धजत नाही, म्हणून असंच कुरिअरनं पाठवतेय, सकाळी मिळेल. दुपारी ता. क. २ लिहून झाल्यावर मी तुमचा तो लेख पुन्हा वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीत ‘यांचे निधन झाले’ असं माझ्याच हातचं वाचलं आणि पुढे वाचवेना. मग चार वाजता तुम्हाला जो राँग नंबर आला ना, तो माझा होता. तुम्ही नेहमीसारखे ‘हॅलो! कोण? मोठ्यानं बोला!’ म्हणून ओरडलात आणि मी फोन ठेवला. शीळ मला घालता येत नाही, म्हणून जिना दोन दोन पायऱ्या उतरत थेट सरांच्या उघड्या दारातून आत गेले आणि म्हटलं, माझे मामा जिवंत आहेत, आत्ताच तपासलं. आता शिफारस परत येणार म्हणून मी डोळे मिटून उभी राहिले. सर म्हणाले, ‘शिफारस लेखासाठी होती, ती राहील. रजा निधनासाठी होती, ती रद्द.’ उद्या मला आठ वाजता वर्ग आहे. अकराचा फोन मात्र ते करणारच आहेत, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. तेव्हा मामीला स्वयंपाकघरात राहू दे, अंघोळ लवकर उरका, आणि तो फोन तुम्हीच उचला.